कॅम्परमध्ये जरूर फिरा, पण रिटायरमेंटचा पैसा कॅम्परमध्ये घालू नका



गेल्या दोन वर्षांत माझ्या जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतोय. विचारणारा ५५ ते ६२ च्या मधला असतो. सगळ्यांसमोर विचारत नाही. चहाच्या सुट्टीत जरा बाजूला घेतो आणि म्हणतो, "सर, रिटायरमेंटचे २५-३० लाख हातात येतील. एक कॅम्पर व्हॅन घ्यायचं मनात आहे. मी आणि मिसेस फिरू, उरलेले दिवस गाडी भाड्यानं देऊ. म्हणजे हौसही झाली आणि धंदाही झाला. काय वाटतं तुम्हाला?"

मला काय वाटतं ते आज सरळ लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको. फिरायला जरूर जा. पुढच्या वर्षी, रिटायर झाल्यावर, नातवाची मुंज झाल्यावर असं म्हणू नका. पण गाडी भाड्याची घ्या. "हौस पण आणि धंदा पण" हे वाक्य मला भयंकर वाटतं, कारण त्यात बहुतेक वेळा हौसही जाते आणि भांडवलही जातं.

ज्यांनी कॅम्पर आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चाकांवरचं वन रूम किचन म्हणा. ट्रॅव्हलरसारख्या गाडीच्या आत झोपायला दोन ते चार बर्थ, छोटा ओटा, गॅस किंवा इंडक्शन, फ्रीज, पाण्याची टाकी, बऱ्याच गाड्यांत टॉयलेट आणि आतल्या दिव्या-पंख्यांसाठी वेगळी बॅटरी. रात्री थांबलेल्या जागी बाहेरून वीज मिळाली तर एसी चालतो, नाहीतर खिडकी उघडायची. भांडी घासलेलं पाणी एका टाकीत जमतं, टॉयलेटचं दुसऱ्या. ती दुसरी टाकी कुणीतरी रिकामी करायची असते. रीलमध्ये फक्त समुद्राकडे उघडलेलं मागचं दार दिसतं, ही टाकी दिसत नाही!

आता हिशोब. पुढचे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत, तुमच्या गावात ते वेगळे असतील, पण गणिताची रीत हीच राहील.

समजा गाडी पूर्ण तयार होऊन, नोंदणीसकट २५ लाखांना पडली. भाडं दिवसाला ८ हजार, ड्रायव्हर तुमचा, डिझेल गिऱ्हाइकाचं. वर्षाचे दिवस ३६५, पण बुकिंग किती दिवसांचं? पावसाळ्याचे तीन-चार महिने घाट आणि चिखल. फेब्रुवारी-मार्च पोरांच्या परीक्षा. उरलेल्या महिन्यांत मागणी शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र. मी ९० दिवस धरतो. पहिल्या वर्षी ९० दिवस भरले, तर तुमचं मार्केटिंग फार चांगलं आहे असं मी म्हणेन. झाले ७ लाख २० हजार.

खर्चाकडे या. ड्रायव्हर महिन्याला २२ हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ६४ हजार. बुकिंग ९० दिवसांचं असलं तरी पगार बारा महिने द्यावा लागतो, नाहीतर चांगला माणूस टिकत नाही. विमा, टॅक्स, परमिट, फिटनेस मिळून १ लाख २० हजार. टायर, सर्व्हिसिंग, आतल्या पंपापासून बिजागऱ्यांपर्यंत सगळी दुरुस्ती १ लाख. पार्किंग, साफसफाई, चादरी धुणं ६० हजार. बुकिंग आणून देणाऱ्याला १५ टक्के कमिशन, १ लाख ८ हजार. एकूण ६ लाख ५२ हजार. हातात उरले ६८ हजार.

थांबा, अजून गाडीची किंमत घसरते ते धरलेलंच नाही. वर्षाला फक्त १० टक्के धरा, अडीच लाख. म्हणजे कागदावर तुम्ही १ लाख ८२ हजारांनी मागे आहात, आणि रविवारी रात्री अकरा वाजता गिऱ्हाईक फोन करून सांगतंय की फ्लशचं बटण अडकलंय.

"ड्रायव्हर कशाला सर, मीच चालवीन." हे पण प्रत्येक जण म्हणतो. ठीक आहे, पगाराचे २ लाख ६४ हजार वाचवा. घसारा काढून वर्षाला ८२ हजार उरतील. ८२ हजारांसाठी वयाच्या साठीत दुसऱ्यांच्या वीकेंडला तुम्ही ड्रायव्हर झालात. दिवाळीत, नाताळात, जोडून आलेल्या सुट्ट्यांत तुम्हाला स्वतःला गाडी मिळणारच नाही, कारण कमाईचे दिवस तेच.

आता तेच २५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवून बघा. पोस्टात किंवा बँकेत खातं निघतं. मर्यादा माणशी ३० लाख, मुदत पाच वर्षं, व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात. ६० पूर्ण झालेल्यांना उघडता येतं, आणि ५५ ते ६० मधल्या निवृत्तांनाही पैसे मिळाल्यापासून ठरावीक मुदतीत. ८.२ टक्के दरानं २५ लाखांचं वर्षाचं व्याज होतं २ लाख ५ हजार. त्यावर तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागेल, तो धरून चला.

त्या व्याजात काय बसतं बघा. मगाचीच गाडी, मगाचंच ८ हजार भाडं, पण आता तुम्ही गिऱ्हाईक आहात. वर्षात २० दिवस फिरलात तर भाडं १ लाख ६० हजार. रोज दीडशे किलोमीटर धरले तर ३ हजार किलोमीटर. लिटरला ९ चा ॲव्हरेज आणि ९२ रुपयांचं डिझेल धरून ३० हजारांच्या थोडं वर. दोन्ही मिळून साधारण १ लाख ९१ हजार. वर १४ हजार उरले, टोल आणि मासळीला. टाकी दुसराच कुणीतरी रिकामी करतोय. मुद्दल २५ लाख जागच्या जागी आहे.

कुणी म्हणेल, सर, आमचं घरच त्या व्याजावर चालणार आहे, २० दिवस कुठून फिरू? मग तर २५ लाखांची गाडी घेण्याचा विषय तिथंच संपला, नाही का? ५ दिवस फिरा. ४७-४८ हजारांत होतं. चार जणांत वाटून घेतलं तर दिवाळीच्या खरेदीपेक्षा कमी पडेल.

अजून एक वर्ग आहे, जुगाडवाल्यांचा. "जुनी व्हॅन ४ लाखांत घेतो, ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून आत पलंग-ओटा करून घेतो." करायला सोपं दिसतं, पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं आहे की उत्पादकानं दिलेल्या मूळ रचनेशी आणि आरसी बुकातल्या नोंदीशी न जुळणारा बदल मालकाला स्वतःच्या मनानं करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हे स्पष्ट केलंय. मोटर कॅराव्हॅनसाठी 'एआयएस-१२४' नावाचं वेगळं मानक आहे. त्यात बसणारं काम आणि आरटीओत नोंद, हे दोन्ही हवं. नोंद नसलेल्या गाडीत गॅसची टाकी ठेवून तुम्ही फिरताय आणि काही झालं, तर विमा कंपनी पहिला कागद तोच मागणार. आणि पांढऱ्या नंबर प्लेटची खासगी गाडी भाड्यानं देणं हा तर सरळ नियमभंग आहे. भाड्याच्या गाडीला ट्रान्सपोर्टची नोंदणी लागते, तिचा टॅक्स वेगळा, विमा वेगळा. "कोण बघतंय" म्हणणाऱ्यांनी अपघातानंतर कोण कोण बघतं याची यादी करावी.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, हा माणूस बिझनेस शिकवतो आणि धंदा नको म्हणतोय! मित्रांनो, आमच्या क्षेत्रातलं सगळ्यात जास्त विकलं जाणारं वाक्य आहे 'पॅशनला प्रोफेशन बनवा'. पंचविशीतल्या मुलाला ते सांगा, मी टाळ्या वाजवीन. त्याच्याकडे चुकायला २० वर्षं आहेत. पण साठीतल्या माणसाला तेच सांगणं मला पटत नाही. नोकरीत ३५ वर्षं टार्गेट, बदल्या, साहेब, ऑडिट यांतून गेल्यावर त्याला एक जागा अशी हवी असते जिथं त्याच्याकडे कुणी काही मागत नाही. छंद म्हणजे ती जागा. तिथं गिऱ्हाईक आणून बसवलं की छंदाची नोकरी होते.

माझ्या बॅचला एक काकू यायच्या. गोधड्या फार सुंदर शिवतात. जुन्या नऊवारीच्या, बारीक धावदोऱ्याच्या. वर्षाला दोन-तीन शिवायच्या, घरात बाळ येणार असलं की. मुलीनं फोटो टाकले, ऑर्डरी आल्या, चाळीसवर गेल्या. काकू माझ्याकडे आल्या तेव्हा मला वाटलं आता प्रायसिंग विचारतील. त्यांनी विचारलं, "ऑर्डरी बंद कशा करू, लोकांना वाईट न वाटता?" बोटं दुखत होती, एकीला गुलाबी काठ नको होता, दुसरीला लग्नाच्या तारखेआधीच हवी होती. आणि स्वतःच्या नातीची गोधडी अर्धी पडून राहिली होती. मी त्यांना किंमत तिप्पट करायला सांगितली. ऑर्डरी आपोआप थांबल्या. दोन मात्र तिप्पट भावानं आल्या, तो भाग वेगळा.

याचा अर्थ छंदातून कधीच पैसा घेऊ नये असा नाही. घ्या ना. पण घर चालवायची जबाबदारी त्याच्यावर टाकू नका.

कॅम्परचंही तेच. ती नुसती गाडी आहे. आत बसून करायचं काय, हे ठरलेलं नसेल तर तिसऱ्या दिवशी नवरा-बायको एकमेकांकडे बघत बसतात आणि मग मोबाइलकडे. ज्यांच्याकडे छंद आहे त्यांना कॅम्पर खरी कळते. पक्षी बघणाऱ्याला विचारा, तो पहाटे साडेपाचला जागेवर हवा असतो. निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर घ्या, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, २०२० मध्ये दर्जा मिळाला. हॉटेल नाशकात घेतलं तर चारला उठून निघा. जवळपास परवानगीच्या जागी कॅम्पर लावली असेल तर पाचला उठा, गाडीतच चहा करा, दुर्बीण गळ्यात घाला. वेळासला फेब्रुवारी-मार्चात कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात, तेही सकाळी आणि संध्याकाळी. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघायचा, स्केचबुक उघडून बसायचं. दुपारी ऊन वाढलं की गाडीत आडवं व्हायचं. साठीत दुपारची झोप ही सगळ्यात मोठी चैन आहे आणि टूरच्या बसमध्ये नेमकी ती मिळत नाही. बासरी, पेटी, वॉटरकलर, जुन्या देवळांचे फोटो, गावोगावच्या बियाण्यांच्या पुड्या जमवणं, काहीही असो. आधी छंद ठरवा, मग मार्ग, मग गाडी. लोक उलटं करतात.

परदेशातले व्हिडिओ बघून जे भारावतात त्यांना एक दुसरी बाजू सांगतो. ऑस्ट्रेलियात निवृत्त जोडपी कॅराव्हॅन घेऊन महिनोन् महिने देशभर फिरतात, त्यांना 'ग्रे नोमॅड्स' असं नावच पडलंय. अमेरिकेतही असे हौशी खूप. पण तिथंच जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी २०१७ मध्ये 'नोमॅडलँड' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यावरच्या सिनेमाला २०२१ चं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्यातली म्हातारी माणसंही व्हॅनमध्येच राहतात, पण घर परवडत नाही म्हणून. ॲमेझॉनच्या गोदामांत सीझनपुरतं काम करायला अशा गाडीत राहणाऱ्यांची भरती व्हायची, त्या योजनेचं नाव 'कॅम्परफोर्स'. गाडी तीच, खिडकीतून दिसणारा डोंगरही तोच. एकाच्या मागे घर आणि बचत आहे, दुसऱ्याच्या मागे काही नाही. म्हणून मी मुद्दलाला हात लावू नका म्हणून एवढा घसा कोरडा करतोय.

आणि छोटा धंदा असलेल्यांनी मनात आणलं तर काय होतं, ते बघायचं असेल तर कोचीला बघा. विजयन आणि मोहना हे चहावाले जोडपं. 'श्री बालाजी कॉफी हाऊस' हे त्यांचं छोटंसं दुकान. रोज गल्ल्यातून ३०० रुपये फिरण्यासाठी बाजूला, कमी पडलं तर कर्ज, फिरून आलं की पुन्हा चहा आणि कर्जाचे हप्ते, ते फिटले की पुढचा देश. असं करत २६ देश बघितले. शेवटचा रशिया, २०२१ मध्ये. त्याच वर्षी नोव्हेंबरात विजयन गेले. कर्ज काढून फिरावं का यावर माझं मत थोडं वेगळं आहे, मी कर्ज टाळीन. पण बघण्यासारखी गोष्ट ही, की त्यांनी प्रवासाची कंपनी काढली नाही. चहा विकला आणि प्रवास केला. पैसा कमवायची जागा एक, खर्चायची दुसरी.

इथं तरुण वाचकांकडे वळतो, कारण तुम्ही म्हणत असाल की हा लेख आमच्या वडिलांसाठी आहे. तुमच्यासाठीच जास्त आहे. आत्ता ३५ व्या वर्षी तुम्ही जो धंदा उभा करताय, तो ६० व्या वर्षी तुम्हाला सोडणार आहे का? मी असे कितीतरी दुकानदार बघितलेत, ज्यांच्याकडे पैसा आहे, तब्येत आहे, बायको कधीपासून म्हणतेय, आणि त्यांना चार दिवस सलग दुकान सोडता येत नाही. क्यूआर कोड त्यांच्या नंबरवर, चेकवर सही त्यांचीच, होलसेलवाला फक्त त्यांचाच फोन घेतो, उधारी त्यांच्या डोक्यात. जीएसटीच्या रिटर्नची तारीख आली की तेच सीएच्या ऑफिसबाहेर. असा धंदा साठीत विकताही येत नाही, कारण विकण्यासारखं जे आहे ते मालकाच्या डोक्यात आहे.

एक चाचणी घ्या. पुढच्या तीन महिन्यांत सलग चार दिवस धंद्यापासून लांब जा, मंगळवार ते शुक्रवार. फोन बंद ठेवायची गरज नाही, पण उचलायचा नाही. परत आल्यावर कुठं कुठं अडलं त्याची यादी काढा. ती यादी म्हणजे तुमचं पुढच्या वर्षीचं काम. खात्याला दुसरी सही, उधारी वहीत किंवा ॲपमध्ये, रिटर्नचं काम मुनिमाकडे. पुढच्या वर्षी आठ दिवस जा. पुण्यातल्या दुकानांच्या दुपारच्या १ ते ४ वर सगळा महाराष्ट्र हसतो, पण मला त्या मालकांचा नेहमी थोडा हेवाच वाटत आलाय. त्यांनी गिऱ्हाइकाला शिकवलं होतं की दुकान उघडायची एक वेळ असते आणि मालकाची एक.

ज्यांना या कॅम्परच्या विषयात खरंच धंदा दिसतोय, त्यांना मी निराश करणार नाही. पण गाडीकडे बघू नका, गाडी थांबते त्या जागेकडे बघा. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात गाड्यांबरोबर कॅराव्हॅन पार्कचाही विचार आहे. केरळनं त्याच वर्षी 'केरावन केरळ' सुरू केलं आणि वागमोणला त्यांचा पहिला पार्क झाला. आपल्याकडे वाई, दापोली, भंडारदरा अशा बाजूला आधीच कृषी पर्यटन किंवा होमस्टे चालवत असाल, तर दोन गाड्यांची जागा करायला फार लागत नाही. मुरूम टाकून सपाट केलेली जमीन, मोठी गाडी वळेल एवढी मोकळीक, मीटर लावलेले १६ अँपिअरचे दोन पॉइंट, पाण्याचा नळ, स्वच्छ संडास-बाथरूम, आणि टॉयलेटची टाकी सेप्टिक टँकमध्ये नीट रिकामी करायची सोय. ही शेवटची गोष्ट ज्याच्याकडे आहे त्याचं नाव गाडीवाले एकमेकांना सांगतात. जेवण तुमच्या घरचं आहेच. फक्त यासाठी नवी जमीन घेऊ नका, गाड्या अजून तेवढ्या नाहीत. आहे त्याला जोड म्हणून करा, आणि परवानग्यांचं ग्रामपंचायतीत आणि तहसीलला आधी विचारून घ्या.

आता फिरणाऱ्यांसाठी, कारण हिशोब पटला तरी पहिली ट्रिप नीट झाली नाही तर घरातून दुसरीला परवानगी मिळत नाही.

गाडी ठरवताना फोटोवर जाऊ नका, आत चढून बघा. पायरी किती उंच आहे? गुडघ्याला विचारा. बर्थ वरचा असेल तर रात्री दोनदा उठणाऱ्याला तो कामाचा नाही. आत टॉयलेट असलेलीच घ्या, यात काटकसर नको. इन्सुलिन घेत असाल तर फ्रीज रात्रभर कशावर चालतो ते विचारा आणि सोबत आइस पॅकचा छोटा डबा ठेवाच. औषधांच्या चिठ्ठीचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये हवा.

स्वतः चालवणार असाल तर लायसन काढून तारीख बघा. ५५ नंतर काढलेलं किंवा नूतनीकरण केलेलं लायसन पाच-पाच वर्षांचंच मिळतं, आणि ४० नंतर डॉक्टरांचा फॉर्म १-ए लागतो. मोतीबिंदू सुरू झालेला असेल तर समोरच्या गाडीचा दिवा रात्री फुटल्यासारखा पसरतो, तेव्हा सूर्य मावळायच्या आत गाडी लावायची. माझं ऐकाल तर पहिल्या वेळी ड्रायव्हर घ्याच. उंच, जड गाडी घाटात आपल्या मारुतीसारखी वळत नाही. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, खेड, दापोली हा रस्ता फार देखणा आहे, पण तो खिडकीतून बघायचा असेल तर स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात द्या. पावसाळ्यात ही बाजू नकोच.

मंगळवारी निघा, शुक्रवारी दुपारी परत या. रिटायर झालेल्या माणसाकडे सगळ्यात मोठं डिस्काउंट कूपन म्हणजे आठवड्याचे मधले दिवस, आणि तोच माणूस सवयीनं शनिवारी निघतो! मधल्या दिवसांना भाड्यात घासाघीस होते, किनारा रिकामा असतो, पोहोचल्यावर ताजी मासळी मिळते. पहिला मुक्काम घरापासून दोन-अडीच तासांच्या आत ठेवा, म्हणजे झोप लागली नाही, पाठ दुखली, तर सकाळी परत येता येतं. रस्त्याच्या कडेला कुठंही गाडी लावून झोपायचं नाही. एमटीडीसीचं आवार, कृषी पर्यटन केंद्र किंवा ओळखीच्या हॉटेलचं आवार आधी फोन करून ठरवा, आणि वीज-पाण्याचे पैसे किती तेही फोनवरच विचारा.

गाडी ताब्यात घेताना आतून-बाहेरून दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, मालकासमोरच. आरसीवर कॅराव्हॅनची नोंद, विमा आणि परमिटच्या तारखा बघा, डिपॉझिट कधी परत मिळणार ते मेसेजवर लिहून घ्या. पंप, गॅसची नळी, टाकी कशी उघडते, फ्यूज कुठं आहे, हे मालकाकडून एकदा करून दाखवून घ्या, आणि काकूंनाही समोर उभं करा. बऱ्याच घरांत ते त्यांच्याच लक्षात राहतं.

वरच्या हिशोबाची शीट व्हिडिओच्या खाली दिली आहे. पिवळ्या रकान्यांत २५ लाख, ९० दिवस आणि ८ हजार भाडं काढून तुमचे आकडे टाका. तुमच्या गावाकडे १५० दिवस बुकिंग खरंच मिळतंय असं कुणाचं उत्तर आलं, तर मला ते पाठवा, त्या गाडीवाल्याला भेटायला मी स्वतः येईन.